तिचं भिन्नमत, त्यांचा आवाज

माझ्या बायकोला जग 'न्यायमूर्ती' म्हणायचं. घरात मीही म्हणायचो, पण चिडवायला. "न्यायमूर्ती, दूध उतू चाललंय," असं मी बाहेरच्या खोलीतून ओरडलो की ती पुस्तकातून मान वर न काढता म्हणायची, "नोंद घेतली. अंमलबजावणी तुम्ही करा." मग मी उठायचो. लग्नाला चाळीस वर्षं होत आली, अंमलबजावणी अजून माझ्याकडेच आहे आणि माझी काही तक्रार नाही.

मी भूगोलाचा मास्तर. ती बस कंडक्टरची मुलगी. वकील झाली ती वडिलांच्या हट्टापायी. सासरे म्हणायचे, "दिवसभर लोक माझ्याशी भांडतात आणि मला तोंड उघडता येत नाही. घरात एकाला तरी उत्तर देता येऊ दे." तिला ते इतकं छान येऊ लागलं की पुढं सासरेच म्हणायला लागले, "बाई, जरा हात आखडता घे."

सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या वर एका खोलीत तिनं वकिली सुरू केली. खाली हातोडीची ठकठक, वर हिच्या टाइपरायटरची. त्या सुरुवातीच्या काळातच जिल्हा न्यायालयानं तिला सरकारी मनोरुग्णालयाची पाहणी करायला पाठवलं. बायकांचा विभाग बघून ती घरी आली आणि पर्स खांद्यालाच ठेवून बराच वेळ खुर्चीत बसून राहिली.

"काय झालं?" मी विचारलं.

"अहो, तिथल्या निम्म्या बायका माझ्यापेक्षा शहाण्या आहेत. कधीच बऱ्या झाल्यात. पण न्यायला कोणी आलं नाही, म्हणून तिथंच आहेत. एकीनं मला विचारलं, बाहेर अजून दोन वेण्या घालतात का."

त्या बायकांसाठी ती कितीतरी वर्षं भांडली. काहींना बाहेर काढू शकली, काहींना नाही. त्या भांडणातून तिचं नाव झालं. पुढं ती न्यायाधीश झाली, मग वरच्या न्यायालयात गेली, आणि पन्नाशी उलटल्यावर एक दिवस तिची निवड आंतरराष्ट्रीय मानवी हक्क न्यायालयावर झाली. पुष्कळ देशांनी मिळून उभं केलेलं हे न्यायालय. आपल्या देशात कुठंच दाद लागली नाही, तर साध्यातल्या साध्या माणसानं आपल्याच सरकारविरुद्ध तिथं जायचं. मुदत नऊ वर्षांची, आणि राहायचं परक्या देशात.

मी मुदतीआधी निवृत्ती घ्यायची ठरवली तेव्हा नातेवाइकांना आयतंच कोलीत मिळालं. "बायकोच्या मागं शेपटासारखा चाललाय," असं एका काकानं सगळ्यांदेखत ऐकवलं. माझी आई तेव्हा होती. ती म्हणाली, "जा रे बाबा. तिला न्याय करू दे, तू चहा कर. दोन्ही वेळेवर मिळाले तरच उपयोग." आईचं ते वाक्य मी आजवर जपलंय. माझ्या अख्ख्या कारकिर्दीचा सारांश आहे तो.

तिकडं आम्हाला तिसऱ्या मजल्यावरचं घर मिळालं. खाली पाववाला, वर आम्ही, आणि मधे एक लिफ्ट, जी मनात येईल तिथं थांबायची. तिच्या कचेरीत काचेच्या लांबलचक खिडक्या होत्या, आणि शेजारच्या दालनात होते खडूस.

हे नाव अर्थात आम्ही ठेवलेलं. ते तिच्या आधीपासूनचे न्यायाधीश, नुकतेच दुसऱ्या मुदतीसाठी निवडून आलेले, पूर्वी कायद्याचे प्राध्यापक. उंच, सडपातळ, एकटे. ऊन असो वा ढग, हातात छत्री. हिनं पहिल्या निकालाचा मसुदा सहकाऱ्यांना वाचायला दिला, तर खडूसांकडून तो पेन्सिलीच्या खुणांनी गजबजून परत आला. एकेक स्वल्पविराम तपासलेला. शेवटी बारीक अक्षरात शेरा होता, 'भावना तिसऱ्या पानावर संपतात असं धरून पुढचं वाचलं.'

ती घरी आली ती फणफणत. दुसऱ्याच आठवड्यात त्यांचा मसुदा हिच्याकडं आला, तेव्हा हिनंही शेरा मारला, 'भावना शोधत शेवटच्या पानापर्यंत आले. सापडल्या नाहीत.' शेरास सव्वाशेर.

तेव्हापासून जी जुंपली ती कायमची. खटल्यांबद्दल ती घरात अवाक्षर काढायची नाही, तो नियमच होता. पण खडूसांबद्दल बोलायला कसली बंदी? मी दार उघडायचो आणि विचारायचो, "आज काय म्हणाले?" आणि ती चपला काढता काढता सुरू व्हायची.

भांडणाचं मूळ मात्र खरं होतं. खडूसांचं म्हणणं, कायद्यात जे लिहिलंय तेवढंच वाचावं. न्यायालयानं शब्द फार ताणले तर सरकारं वैतागून न्यायालय सोडून जातील, मग आज दहा जणांना मिळणारा न्याय उद्या एकालाही मिळणार नाही. हिचं म्हणणं, कायदा ज्या माणसासाठी लिहिला तो समोर उभा असताना नुसते शब्द कसले मोजता? मी दोन्ही बाजू ऐकायचो. खडूसांचंही अगदीच खोटं नव्हतं, पण हे मी तिला कधी सांगितलं नाही. मला रोज त्याच घरात जेवायचं होतं.

सहाव्या वर्षी तिचा आवाज बसला. सर्दी असेल म्हणून आम्ही गुळण्या केल्या, वाफ घेतली, गोळ्या चघळल्या. आवाज काही उठेना. शेवटी डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि आम्हा दोघांना समोर बसवलं. स्वरयंत्रात गाठ होती आणि ती साधी नव्हती.

"पूर्ण स्वरयंत्र काढावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "जीव वाचेल. आवाज नाही वाचणार. श्वासही नाकातून नाही, गळ्याला ठेवलेल्या छिद्रातून घ्यावा लागेल."

तिनं खरखरत्या आवाजात विचारलं, "विचार करायचा अवयव शाबूत राहील ना?"

"तो तर राहीलच."

"मग द्या तारीख."

शस्त्रक्रियेच्या दिवशी तिनं मायदेशी असलेल्या आमच्या लेकीशी फोनवर पोटभर गप्पा मारल्या. मग तिला आत न्यायला माणसं आली. मी स्ट्रेचरच्या बाजूनं चालत होतो. मला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल, जे मी जन्मभर सांभाळून ठेवीन. दारापाशी तिनं माझा हात धरला, जवळ ओढलं आणि म्हणाली, "अहो, गॅस बंद करून आलात ना?"

तिच्या स्वतःच्या आवाजातलं ते शेवटचं वाक्य. आधी मला त्याचं फार वाईट वाटलं होतं. आता नाही वाटत. याहून खरं ती काय बोलणार होती?

ती वाचली. डॉक्टरांनी मुळापासून सगळं काढलं आणि पुढच्या प्रत्येक तपासणीत सगळं ठीक निघत गेलं, आजतागायत. त्या डॉक्टरांचे आभार मानताना माझी जीभ अडखळते, म्हणून मी दर वर्षी त्यांना नुसता भेटून येतो. परिचारिकेनं मला गळ्यातली नळी कशी काढायची, धुवायची, परत कशी बसवायची हे शिकवलं. पहिल्यांदा मी नळी उलटीच धरली. परिचारिका म्हणाली, "काका, एवढे घाबरू नका. त्या तुमच्याकडं बघून घाबरतायत." बायको खरोखर डोळे वटारून बघत होती.

घरी आल्यावर एक पांढरी पाटी आणि काळा पेन हे तिचं तोंड झालं. हनुवटीखाली धरून बोलायचं एक यंत्रही मिळालं होतं, पण त्यातून घरघर असा एकसुरी आवाज यायचा. तिनं एकदाच वापरलं, पाटीवर 'मिक्सर' असं लिहिलं आणि खणात टाकून दिलं. लेकीचा फोन आला की ती फोनवर टकटक करायची. एक टिचकी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, आणि टिचक्यांचा वर्षाव म्हणजे लेकीनं गप्प बसावं.

काही महिन्यांनी ती न्यायालयात परत गेली. सगळ्यांनी फुलं दिली, मिठ्या मारल्या. पण पंचाईत वेगळीच होती. निकालाआधी सगळे न्यायाधीश बंद दाराआड बसून चर्चा करतात. तिथं एकाचं बोलणं संपतं न संपतं तोच दुसरा सुरू होतो. ही पाटीवर उत्तर लिहीपर्यंत विषय दोन गल्ल्या पुढं गेलेला असायचा. मग न्यायालयाचे अध्यक्ष, फार सज्जन माणूस, तिच्या दालनात आले आणि म्हणाले, "तुम्ही आता बैठकीला यायची तसदी घेऊ नका. घरूनच लेखी मत पाठवत जा. आम्ही सगळे वाचू."

त्या दिवशी तिनं दारातच पाटी माझ्यासमोर धरली. लिहिलं होतं, 'मला प्रेमानं बाहेर काढतायत.'

मी समजूत घालायचा प्रयत्न केला. ती लिहीतच गेली. 'लेखी मत टेबलावर पडून राहतं. माणसं एकमेकांचं ऐकून बदलतात, कागद बघून नाही. मी तिथं फुलदाणी झाले आहे.' मग खालच्या कोपऱ्यात, जागा उरली नव्हती म्हणून बारीक अक्षरात, 'राजीनामा देते.'

आयुष्यात पहिल्यांदा ती हरल्यासारखी दिसत होती, आणि मला तिच्याशी वाद घालायची सवय नव्हती. ते काम दुसऱ्या कोणाचं होतं.

तो दुसरा कोणी रविवारी सकाळी आमच्या दारात उभा राहिला. लिफ्ट बंद पडलेली, त्यामुळं धाप लागलेली, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात संत्र्यांची पिशवी. इतक्या वर्षांत खडूस आमच्याकडं पहिल्यांदाच आले होते. बायको घरच्या कपड्यांत होती. ती तशीच ताठ बसली.

खडूसांनी तब्येतीची चौकशी वगैरे काही केली नाही. "तुम्ही राजीनामा देताय असं अध्यक्षांकडून कानावर आलं," ते म्हणाले. "मला ते परवडणार नाही."

तिनं भुवया उंचावल्या.

"तुम्ही गेलात तर माझ्याशी भांडणार कोण? बाकीचे सगळे सभ्य आहेत. मी चुकलो तरी माना डोलावतात. असं चालू राहिलं तर माझे निकाल बिघडतील."

तिनं लिहिलं, 'आधीच बिघडलेले आहेत.'

"असतील. म्हणून तर आलो. बैठकीत तुम्ही लिहा, मी शेजारी बसून मोठ्यानं वाचतो. तुम्ही लिहीपर्यंत कोणी पुढं गेलं तर थांबवतो. थांबवायला मला आवडतं, तुम्हाला माहीत आहे."

तिनं पाटी पुसली. मग लिहिलं, 'माझं मत तुम्ही तुमच्या सोयीनं वाचाल.'

खडूस दुखावले, ते मला दिसलं. पण आवाज न चढवता म्हणाले, "बाई, तुमच्याबद्दल माझी पुष्कळ मतं आहेत. पण मी कधी तुमचा एक स्वल्पविराम तरी गाळलाय का?"

आणि माझी बायको हसली. आवाज नव्हताच, नुसते खांदे हलले. आजारपणानंतर मी तिला पहिल्यांदा हसताना पाहत होतो. मी उठून स्वयंपाकघरात गेलो. चहा करायचा होताच, पण थोडं तोंड लपवायचंही होतं.

मग दर रविवारी सराव सुरू झाला. चालू खटल्यांचे कागद घरात वाचायची मुभा नव्हती, म्हणून तिचे जुने, छापून आलेले निकाल घेतले. खडूस वर्गात हजेरी घ्यावी तसे सपाट वाचायचे. तिला चीड यायची. ती चमचा टेबलावर आपटायची. खडूस थांबायचे आणि विचारायचे, "काय चुकलं? शब्द तर बरोबर आहेत."

तिला ते लिहून सांगता येईना. शेवटी मी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आलो. "साहेब, इथं ती थांबली असती."

"इथं? इथं विरामचिन्ह नाही."

"नसेल. पण ती थांबली असती. आणि हे पुढचं वाक्य तुम्ही जोरात वाचलंत. राग आला की ती जोरात बोलायची नाही, हळू बोलायची. जितका राग जास्त, तितका आवाज खाली."

खडूसांनी पुन्हा वाचलं. मी पुन्हा अडवलं. चमचा माझ्या बाजूनं वाजला. माझ्या ध्यानात आलं की तिच्या बोलण्याचा नकाशा मला तोंडपाठ आहे, कुठं चढ, कुठं उतार, कुठं दरी. इतक्या वर्षांत मी तो कधी कोणाला दाखवला नव्हता, कारण कोणी विचारलाच नव्हता. आता एक परका म्हातारा पेन्सिल घेऊन माझ्या सांगण्याप्रमाणं कागदावर खुणा करत होता. मनात आलं, देवा, तिचा आवाज गेला खरा, पण अगदीच नाहीसा नाही झाला.

बैठकीत पुढं काय व्हायचं ते गुपित. पण एक गोष्ट साऱ्या इमारतीत पसरली. खडूस तिचं लिहिलेलं वाचताना चष्मा लावायचे आणि स्वतःचं मत सांगताना काढायचे. त्यामुळं चष्मा लावून ते एक बोलायचे आणि चष्मा काढून त्याच्या नेमकं उलट. एकदा म्हणे ते चष्मा काढायला विसरले आणि सगळ्यांना वाटलं, बाईंनी पक्ष बदलला. 'फुलदाणी' बोलायला लागली होती. राजीनाम्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्यानंतरच्या वर्षी तो खटला निकालाला आला. एका देशातल्या मनोरुग्णालयात कितीतरी बायका बऱ्या होऊनही आयुष्यभर राहिल्या होत्या, कारण त्यांना न्यायला कोणी आलं नव्हतं. त्यांतल्या काहींनी आपल्या सरकारविरुद्ध दाद मागितली होती. बायकोनं घरी पाटीवर चकार शब्द लिहिला नाही, पण त्या आठवड्यांत ती जेवताना मधेच थांबायची, आणि मनानं ती त्या जुन्या बायकांच्या विभागात पोचली आहे हे मला कळायचं.

निकाल जाहीर वाचायचा होता, म्हणून मी प्रेक्षकांत जाऊन बसलो. माझ्या पुढच्या रांगेत एक वयस्कर बाई होत्या, निळा कोट, मांडीवर दोन्ही हात. दाद मागणाऱ्यांपैकी त्या एक, असं त्यांच्या वकिलाच्या बोलण्यावरून कळलं.

बहुमताचा निकाल खडूसांनी लिहिला होता, तो त्यांनीच वाचला. बायका हरल्या. सरकारनं त्यांना कैदेत ठेवलं होतं असं म्हणता येत नाही, त्यांची देखभाल होत होती आणि त्यांनी कधी सुटकेचा अर्ज केलेला नव्हता, असा त्याचा मथितार्थ. निळ्या कोटातल्या बाईंची मान हळूहळू खाली गेली.

मग खडूस पाणी प्यायले. खिशातून चष्मा काढून लावला आणि म्हणाले, "आता मी माझ्या सहकारी न्यायमूर्तींचं भिन्नमत वाचतो."

आणि ते हळू आवाजात वाचू लागले.

"सरकार म्हणतं की या बायकांना कोणी कोंडलं नव्हतं, त्यांची काळजी घेतली जात होती. मी ते खरं धरून चालते. जेवण वेळेवर होतं, अंथरूण स्वच्छ होतं. पण ज्याची काळजी घ्यायची त्याला एकदा तरी विचारायचं असतं. तुम्हाला इथं राहायचं आहे का, हे या बायकांना इतक्या वर्षांत कोणीही विचारलं नाही. न्यायला कोणी आलं नाही, एवढंच कारण पुरलं. माणूस म्हणजे विसरलेलं सामान नव्हे, की मालक येईपर्यंत ठेवून द्यावं."

इथं ते थांबले. कागदावर विरामचिन्ह होतं की नाही कोण जाणे, पण ती जिथं थांबली असती तिथंच ते थांबले.

"माझे विद्वान सहकारी म्हणतात की यांनी सुटकेचा अर्ज केला नाही. माझ्या सहकाऱ्यांना मी विचारते, अर्ज कोणाकडं करायचा होता? कुलूप लावणाऱ्याकडं?"

ते विद्वान सहकारी म्हणजे ते स्वतःच. शब्द न चोरता, आवाज खाली, आणखी खाली नेत त्यांनी स्वतःलाच तो प्रश्न विचारला. निळ्या कोटातल्या बाईंची मान वर आली. व्यासपीठावर माझी बायको समोर बघत बसली होती, ओठ मिटून, आणि तिचं बोलणं चाललं होतं.

नंतर आम्ही तिघं व्हरांड्यात उभे असताना निळ्या कोटातल्या बाई वकिलाला मागं टाकून भराभर आल्या आणि त्यांनी खडूसांचा हात दोन्ही हातांत धरला.

"आमच्या बाजूनं तुम्ही एकटेच बोललात," त्या म्हणाल्या. "फार उपकार झाले."

खडूस कानापर्यंत लाल झाले. "नाही, नाही. मी तुमच्या विरुद्ध होतो. पहिला निकाल माझा. दुसरं मत यांचं आहे, मी फक्त वाचलं."

बाईंनी आधी माझ्या बायकोकडं पाहिलं, तिच्या गळ्याच्या रुमालाकडं पाहिलं आणि त्यांना समजलं. त्यांनी तिचाही हात धरला. मग पुन्हा खडूसांकडं वळून, अगदी मनापासून नवल वाटून विचारलं, "विरुद्ध होतात, आणि इतकं छान वाचलंत?"

जन्मभर शब्दांवर जगलेला माणूस, नुसता छत्रीची मूठ फिरवत राहिला.

हिच्या मुदतीच्या शेवटच्या वर्षी, दुसऱ्या एका देशातून, जवळजवळ तसाच खटला आला. या वेळी बायका जिंकल्या. बहुमताचा निकाल पुन्हा खडूसांनीच लिहिला, आणि त्यात स्वच्छ म्हटलं की मागच्या खेपेस न्यायालयाचं चुकलं आणि आपलंही चुकलं. हिचं ते सामानाचं वाक्य त्यांनी तिच्या नावासकट घेतलं होतं. आपल्या ताटातलं असं दुसऱ्याच्या पानात वाढणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

रविवारी ते आले तेव्हा मी न राहवून विचारलं, "साहेब, इतकी वर्षं ती घसा फोडून सांगत होती तेव्हा पटलं नाही. मग आता कसं पटलं?"

ते संत्रं सोलत म्हणाले, "त्या सांगायच्या तेव्हा मी उत्तर शोधत ऐकायचो. वाचताना तसं करता येत नाही. शिवाय आवाज आपलाच असला की माणसाला लवकर पटतं."

बायकोनं पाटीवर लिहिलं, 'हे आधी सांगितलं असतंत तर घसा आधीच काढून टाकला असता.' खडूस इतके हसले की संत्र्याची फोड त्यांच्या घशात अडकली आणि मला पाठीत थोपटावं लागलं.

निरोपाच्या दिवशी सगळ्यांना वाटलं, तिचं भाषणही खडूसच वाचणार. ते चष्मा लावून तयारही होते. पण ती उठली, पर्समधून तो मिक्सर काढला, हनुवटीखाली धरला आणि त्या घरघरत्या आवाजात, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "नऊ वर्षं तुम्ही माझं ऐकून घेतलंत. त्यातली तीन वर्षं आवाज नसताना. मी ऋणी आहे." मग खडूसांकडं बोट दाखवून म्हणाली, "यांना आता स्वतःचं बोलू द्या." आधी हशा पिकला. मग मात्र पुष्कळांनी रुमाल काढले. मीही काढला.

पुढं खडूसही निवृत्त झाले. त्या दुसऱ्या निकालानंतर आणखी काही देशांनी आपले कायदे बदलले. निळ्या कोटातल्या बाईंच्या सरकारनंही बदलला. प्रत्येक बाईला समोर बसवून विचारण्यात आलं, तुम्हाला कुठं राहायचं आहे? काहींनी सांगितलं, आता इथंच बरं वाटतं, आणि त्या राहिल्या. या बाईंनी सांगितलं, बाहेर. सोबत त्यांची वॉर्डातली मैत्रीणही निघाली. दोघी दोन खोल्यांच्या घरात राहू लागल्या आणि त्यांनी आम्हाला चहाला बोलावलं.

आम्ही तिघं गेलो. जिना स्वच्छ, दाराशी दोन जोडी चपला. बाईंनी आम्हाला आपल्या खोलीत नेलं आणि आम्ही उंबऱ्यातच थबकलो. भिंती पोपटी, खिडकीची चौकट जांभळी. खडूस त्या भिंतींकडं असे बघत राहिले जसे पूर्वी हिच्या मसुद्याकडं बघायचे.

"हा रंग कोणी सुचवला?" त्यांनी जपून विचारलं.

"कोणी नाही. मला आवडतो."

"आणि तुमच्या मैत्रिणीला?"

"तिला मुळीच आवडत नाही," बाई आनंदानं म्हणाल्या. "रोज भांडतो आम्ही त्यावरून."

पलीकडच्या खोलीतून मैत्रिणीचा आवाज आला, "डोळे दुखतात माझे! सांगा हिला कोणीतरी!"

"मग निकाल काय लागला?" खडूसांनी विचारलं.

"निकाल कसला? तिच्या खोलीत तिचा रंग, माझ्या खोलीत माझा." बाईंनी खुर्च्या ओढल्या. "बसा ना. साखर किती घालू ते ज्यानं त्यानं सांगा हं, मी माझ्या मनानं घालणार नाही."

खडूसांनी एक चमचा सांगितली, मी दोन. माझ्या बायकोनं बोटं वर केली, तीन. खरं तर डॉक्टरांनी साखर कमी करायला सांगितली होती. बाईंनी तीन चमचे घालून कपबशी तिच्या हातात दिली. मी तिच्याकडं पाहिलं, तिनं माझ्याकडं पाहिलं आणि तिचे खांदे हलायला लागले. मी तिच्या हातातली बशी धरली, म्हणजे चहा सांडू नये.